उजवीकडची खिडकी

परवा रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडं मळणीयंत्र लागलं आणि सोयाबीनचे दिवस आल्याचं कळलं. कळलं म्हणजे आधी नाकाला कळलं. सोयाबीनच्या भुसकटाला एक कोरडा, किंचित आंबूस वास असतो. तो उन्हाबरोबर घरात येतो, वाळत घातलेल्या टॉवेलमध्ये बसतो, चहाच्या पहिल्या घोटातही लागतो. मग धूळ येते. खिडक्या लावून घेतल्या तरी ती कुठून तरी शिरते. मानेवर खाज सुटते, टीव्हीच्या काचेवर बोट फिरवलं की रेघ उमटते. आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांवर तर ती अशी दाट जमते की पाती मखमलीची वाटावीत.

गेल्या साली याच दिवसांत मी त्या डब्याचं झाकण काढून, ब्रश हातात घेऊन बसलो होतो. त्या दिवसांची आठवण झाली की अजून कान गरम होतात. बाकी गोष्टींची लाज काही काळानं पातळ होते. या एका मोसमाची झालेली नाही.

मी पूर्णेला स्टेशन मास्तर आहे. नोकरीची सारी वर्षं सिग्नलच्या पॅनेलसमोर बसून गाड्या घेतल्या आणि सोडल्या. मी सोडलेल्या गाडीतली माणसं कुठं कुठं जातात, मी मात्र तिथंच. याचं मला दुःख नाही. पण घरी बैठकीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला लागून, मी हळूहळू एक विमान उभं केलं त्याचं मूळ कदाचित तिथंच असेल. विमान म्हणजे एक टेबल, मोठा पडदा, हातात धरायचं सुकाणू, पायाखाली दोन पेडल आणि सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवल्याचा आभास देणारा प्रोग्रॅम, चालवणारा कॉम्प्युटर. ड्युटी संपवून आलो, जेवलो, की दुपारची उडी ठरलेली. दिल्ली केली, लेह केलं, पावसात मंगळूरला उतरलो. खऱ्या विमानात मात्र कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

ही शेवटची गोष्ट कुणाला मुद्दाम सांगायची वेळ आली नाही. माझी बायको द्वारका, तिच्या माहेरी, झरीला, मला ‘पायलट दाजी’ म्हणतात. तिचा धाकटा भाऊ भगवान यानं ते नाव पाडलं. सुरुवातीला चेष्टा होती. नंतर शेजारीपाजारी कुणी पहिल्यांदा विमानानं जाणार असलं की फोन माझ्याकडं येऊ लागला: सामान किती चालतं, कान का दुखतात, हादरे बसले तर काय. मी सांगायचो. आवाज जरा खाली घेऊन, वैमानिक विमानातून बोलतात तशा सुरात सांगायचो. तो सूर आता आठवतो तेव्हा मीच इकडंतिकडं बघतो, कुणी ऐकलं तर नाही.

गेल्या साली दसऱ्याच्या आधी अश्विनीचा, आमच्या मुलीचा, बेंगळुरूहून फोन आला. तिनं आमची दोघांची तिकिटं काढली होती. नांदेडहून सकाळचं विमान. द्वारकाला विश्वासच बसेना.

“खरंच इमानानं जायचं का आपुन?” ती मला विचारायली.

“व्हय. आणि तू उजवीकडच्या खिडकीला बसायचं,” मी म्हणालो. “वारं पश्चिमेचं असलं की विमान पूर्णेकडं तोंड करून उडतं. मग डावीकडं वळून दक्षिणेला लागतं. त्या वेळी उजवीकडं आपली पूर्णा दिसते. पूर्णा नदी गोदावरीला मिळते ना, तो संगमसुद्धा.”

“आपलं क्वार्टर दिसंल?”

“स्टेशनची यार्डं तर नक्की दिसतील.”

दुसऱ्या दिवशी साऱ्या रेल्वे कॉलनीला ठाऊक झालं होतं की द्वारकाबाई वरून पूर्णा बघणार आहेत. झरीलाही फोन गेला. भावजयीला तिनं सांगितलं, अंगणात लाल लुगडं वाळत घाल, मला वरून दिसलं तर दिसलं. झरी त्या वाटेवर नाही हे मी तिला सांगितलं नाही. ती हसत होती, मला ते मोडायचं नव्हतं.

तोवर मला एक वेगळाच घोर लागला होता. हा प्रवास आधी पडद्यावर करून बघावा म्हणून मी नांदेडहून उडालो, तर चित्र अडखळायला लागलं. खाली शहर आलं, घरं दाटली की पडदा क्षणभर थिजायचा, मग झटका देऊन पुढं जायचा. संगमाच्या जागी तर हिरवट डाग नुसता. ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं. दोष प्रोसेसरचा होता. तो बदलायचं ठरवलं आणि त्या मोसमात मी दुसरा कसलाही विचार केला नाही.

प्रोसेसर निवडणं हे किती खोल पाणी आहे ते त्यात उतरल्याशिवाय कळत नाही. सिम्युलेटरचं दुखणं असं, की तो बरंचसं ओझं एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच गड्यावर, टाकतो. बाकीचे कोअर बसून असतात आणि तो एकटा धापा टाकतो. म्हणून नुसते कोअर वाढवून भागत नाही. पोटात मोठी कॅश मेमरी असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे हवी ती माहिती हाताशी राहते, दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. आता असा एक प्रोसेसर माझ्या जुन्याच मदरबोर्डवर बसत होता. दुसरा त्याहून नवा, जास्त वेगाचा. पण त्याला बोर्ड नवा, रॅम नवी, आणि तो तापणार जास्त, म्हणजे कूलरही मोठा. परभणीच्या उन्हाळ्यात त्याचं काय होईल? मी तुलनेचे व्हिडिओ बघायचो, आलेख बघायचो, सकाळी एक ठरवायचो, दुपारी दुसरं.

द्वारका भाकरी थापत होती तेव्हा मी तिला एकदा समजावून सांगितलं. “हे बघ, मीठ-तिखट तू ओट्यावर ठेवतेस की कोठीच्या खोलीत?”

“वट्यावर. दर डावाला कोण उठंल?”

“तेच. एका प्रोसेसरचा ओटा मोठा आहे. दुसऱ्याचा हात चपळ आहे.”

“मंग घ्या की वट्यावालं,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझा पुढं कितीतरी दिवस चालला. परभणीला स्टेशन रोडवर मुजीबभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. एकदा मी त्यांना कॅशवर इतकं व्याख्यान दिलं की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“मास्तर, तुमी माल घ्यायलात का माझी परीक्षा घ्यायलात?”

“नीट बघून घ्यावं म्हणतो, भाई.”

“बघा. लय बघा. पर इमानात बसायच्या आधी बघून व्हायला पायजे ना?” ते हसले. “घरी सगळी तयारी झाली असंल. भाबी घाबरत न्हाईत ना?”

“मी आहे की सोबत,” मी म्हणालो.

शेवटी ‘ओट्यावाला’च सांगितला. पण तो त्यांच्याकडं नव्हता, मागवावा लागला, आणि तो येण्याआधी आमच्या निघायचा दिवस आला.

नांदेडच्या विमानतळावर मी लय मोठा माणूस होतो. रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला कमरेचा पट्टा कसा लावतात ते मी हवेतच करून दाखवलं. काचेपलीकडं उभ्या असलेल्या विमानाचे भाग द्वारकाला नावानिशी सांगितले. ती नवी हिरवी साडी नेसली होती, हातभर बांगड्या भरल्या होत्या. खिडकीशी बसल्यावर तिनं आधी पदराच्या टोकानं काच पुसली. ती धूळ बाहेरच्या बाजूला होती, तरी तिनं पुसली.

विमान धावपट्टीला लागलं. पश्चिमेकडं तोंड करून. मी तिला म्हणालो, “बघ, सांगितलं होतं ना.”

मग त्यानं वेग घेतला, आणि माझ्या पाठीला खुर्चीनं मागून ओढल्यासारखं झालं. एवढंच. पण इतक्या वर्षांत माझी घरातली खुर्ची कधी हलली नव्हती. जमीन सुटली. खाली धपकन आवाज झाला. चाकं पोटात घेतली, मला ठाऊक होतं. नंतर थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. उड्डाणानंतर ताकद कमी करतात, हे तर मी माझ्या हातानं शेकडोदा केलेलं आहे. डोक्याला ते माहीत होतं. पोटाला माहीत नव्हतं. पोट म्हणालं, पडलो. त्याच वेळी विमान डावीकडं कललं, पलीकडच्या खिडकीत नुसती जमीन आणि आमच्या खिडकीत नुसतं आभाळ, आणि मी ओरडलो.

“बंद कर! खिडकी बंद कर!”

पुढच्या मागच्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली. मी द्वारकाचं मनगट धरलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर अजून थोडं हसू उरलेलं होतं, बाहेर बघतानाचं. दुसऱ्या हातानं तिनं खिडकीचं झाकण खाली ओढलं.

त्याच्या मागं पूर्णा होती. संगम होता, आमच्या स्टेशनची यार्डं होती. त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता.

पुढचा सारा प्रवास मी डोळे मिटून केला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तापलेल्या लेकराच्या फिरवतात तशी. मधे एकदा, ज्यांना मी पट्टा लावायला शिकवलं होतं ते आजोबा पलीकडून म्हणाले, “सायबाला पाणी द्या, अक्का. व्हतं आसं पहिल्या डावाला.” पहिल्या डावाला. हे त्यांनी कशावरून ओळखलं, मला कळलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. उतरल्यावर पाहिलं तर माझ्या पकडीत तिच्या दोन बांगड्या वाढल्या होत्या आणि मनगटावर बारीक ओरखडा उठला होता.

बाहेर अश्विनी उभी होती. “काय बाबा, पायलटला काही सूचना दिल्या की नाही?”

मी सामानाच्या गाडीकडं वळलो. माझ्या मागून द्वारकाचा आवाज आला, “लय चांगलं झालं बाई. बाबांनी समदं समजावून सांगितलं मला.”

“आणि हे हाताला काय?”

“दाराला लागलं.”

तिथल्या मुक्कामात मी जावयाला विमानाबद्दल एक शब्द बोललो नाही. परतीचं तिकीट मी रद्द करायला लावलं. रेल्वेचा पास वाया जातो, असं कारण दिलं. अश्विनी चिडली; द्वारका म्हणाली, “ऱ्हाऊ दे, मला बी रेल्वेच बरी वाटती.” गाडीत ती खिडकीशी बसली होती. कर्नाटकातली सूर्यफुलं, लाल माती, छोटी स्टेशनं मागं जात होती. ती संत्रं सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होती. मला वाटायचं, आता बोलेल, भांडेल, निदान रडेल. भांडली असती तर मला काही तरी म्हणता आलं असतं. लाजेला समोरून धक्का लागत नाही तेव्हा ती आतल्या आत बसायला जागा करून घेते.

आलो आणि आठवड्याभरातच भगवानकडून जेवणाचं बोलावणं आलं. त्याच्या रानात मळणी चालली होती. आम्ही झरीला पोचलो तेव्हा खळ्यावर सोयाबीनचा पिवळा ढीग पडला होता, बायका तोंडाला पदर बांधून चाळणीपाशी बसल्या होत्या. यंत्र थांबवलं होतं. सगळे लिंबाच्या सावलीत जेवायला टेकले. ठेचा, भाकरी, वांग्याची भाजी. भगवाननं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं,

“अक्का, दिसला का मग संगम? तुझी भावजय रोज इचारायली.”

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“कशाचं,” द्वारका म्हणाली. “ढग व्हते. खालचं कायबी दिसलं न्हाई.”

ही सगळी शेतकरी माणसं. सोयाबीन काढून पडलेलं असताना रोज उठून आधी आभाळ बघणारी. त्या आठवड्यात ढगाचा एक तुकडा कुठं होता का, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एका म्हाताऱ्या चुलतीनं मान वर करून आभाळाकडं पाहिलंसुद्धा. भगवाननं द्वारकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझा घास हातातच होता.

“असतील,” तो सावकाश म्हणाला. “लय वर असतील. खालून दिसत न्हाईत कदी कदी.” आणि त्यानं माझ्या ताटात भाजी वाढली.

मला त्याच वेळी बोलता आलं असतं. ‘ढग नव्हते, मीच खिडकी लावायला लावली,’ एवढंच म्हणायचं होतं. मी भाजी खाल्ली. त्या दिवसापासून तिकडं मला पायलट दाजी कुणी म्हणत नाही, नुसतं दाजी म्हणतात. त्यांनी ठरवून केलं असेल असं नाही. पण ते नाव जसं सहज चेष्टेत पडलं होतं तसंच सहज उचललं गेलं, आणि त्या उचलण्यात एवढा हळुवारपणा होता की मला त्याचाही त्रास होतो.

त्यानंतर मी कॉम्प्युटर सुरू केला नाही. पडद्यावर चादर टाकली. द्वारकानं ती एकदा धुतली आणि पुन्हा तशीच टाकली. मुजीबभाईंचा फोन आला, “मास्तर, तुमचा तुकडा आला,” तेव्हा तो नाकारायचंही धैर्य झालं नाही. जाऊन आणला. भाईंनी विचारलं, “कसा झाला सफर?” मी म्हणालो, “झाला.” त्यांनी डबा पिशवीत घालून दिला.

एका दुपारी तो बसवला. जुना प्रोसेसर काढला, वाळलेली पेस्ट पुसली, नवा ठेवला, पिना जुळल्या, खटका लावला. मनात एक विचार होता, आता सांगायलाही ओशाळं वाटतं: मी तिची खिडकी बुडवली, ती तिला परत देईन. पडद्यावर का होईना.

नांदेडहून उडालो. पश्चिमेला. एक अडखळ नाही. शहर लोण्यासारखं सरकलं. डावीकडं वळलो, विमान सरळ केलं, उजवीकडचा देखावा लावला आणि तिला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्या मागं उभी राहिली.

“हा बघ संगम. ही गोदावरी. ही आपली पूर्णा, बघ.”

तिनं नीट पाहिलं. घाईनं नाही. मग तिनं विचारलं, “तो आवाज कमी व्हतो ना मदीच. तवा इथं भ्या वाटतं का तुमाला?”

“न्हाई.”

“मंग हे येगळं हाय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. “चित्र चांगलं हाय. पर मला खरं बघायचं हाय. पुढच्या डावाला मी एकटी जाईन, तुमी रेल्वेनं या.”

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर ‘लोक काय म्हणतील’. दुसऱ्यांदा आलं, ‘हिला एकटीला जमेल का’. तिसऱ्यांदा कुठं मला स्वतःची शरम वाटली. माणसाच्या मनात शरम इतकी उशिरा का पोचते, ती कुठल्या रखडत्या पॅसेंजरनं येते, मला कळत नाही.

यंदा अश्विनीनं पुन्हा तिकिटाचं विचारलं तेव्हा द्वारका म्हणाली, “माझं एकटीचं काढ.” पलीकडून पोरीचा आवाज ऐकू येत होता: का, बाबा का नाही, बरं नाही का त्यांना? द्वारका म्हणायला लागली, “त्यांची ड्युटी—” आणि मी तिच्या हातातून फोन घेतला.

“ड्युटी नाही, बाळा. मला भीती वाटते विमानात. गेल्या वेळी मी ओरडलो होतो. तुझ्या आईच्या बांगड्या मी फोडल्या.”

अश्विनी म्हणाली, “बरं, बाबा.” आणि थोड्या वेळानं, “तुमचा पास आहे ना? मी स्टेशनवर न्यायला येते तुम्हाला.” मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त आता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काल सकाळी मी तिला नांदेडला सोडायला गेलो. दाराशी मला थांबावं लागलं. आत रांगेत ती एकटी उभी होती, पर्स पोटाशी धरून, पुढचा माणूस काय करतो ते बघत. मी तिला खूण करून सांगणार होतो, ओळखपत्र हातात ठेव. तोवर तिनं ते काढलेलंच होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

घरी आलो. घड्याळाकडं बघत बसलो. कॉम्प्युटर सुरू करून तिच्या विमानाबरोबर उडावं असं एकदा वाटलं; नाही केलं. दुपार व्हायच्या आधी फोन वाजला. ती अश्विनीच्या गाडीत बसली होती, आवाजात धाप होती.

“आवो, दिसलं! यार्ड दिसलं, नदी दिसली. क्वार्टर न्हाई ओळखू आलं. आन तो आवाज कमी झाला ना, मला बी पोटात कसंतरी झालं हं. खरंच व्हतं तसं.”

मी फोन घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

“आन पुढं ढग लागले,” ती सांगत होती, “खाली, कापसावानी. त्याच्यावर आपल्या इमानाची सावली पळायली व्हती, बारकी. आन त्या सावलीभवती गोल इंद्रधनुष्य! पुरं गोल. आमच्याबरूबर पळत व्हतं. ते काय आसतं हो?”

कुणी असं काही विचारलं की माझा आवाज आपोआप खाली उतरतो, तो विमानातला सूर लागतो. या वेळीही घशाशी आला. पण माझ्या पडद्यावर मी तसलं काही कधी पाहिलं नव्हतं.

“माहीत न्हाई,” मी म्हणालो. “कसं होतं, सांग.”

बाहेर यार्डातून मालगाडी निघाली होती. मी दुसऱ्या कानावर हात घट्ट दाबून धरला आणि ती सांगते ते ऐकत राहिलो.